राजाची होळी आणि रयतेचे लग्न

अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावी होळीच्या रात्री हजारोंचा समुदाय जमतो. पण त्यातील एकाच्याही हाती निमंत्रणपत्रिका नसते. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून आणि सीमेपलीकडील गुजरात व मध्य प्रदेशातूनही माणसे येतात. कुणी ढोल आणतो, कुणी मोरपिसांचा टोप घालून येतो, तर कुणी कित्येक दिवस व्रतस्थ राहून, खाटेवर पाठ न टेकता, नवस फेडण्यासाठी येतो. रात्रभर नाच चालतो, पहाटे उंच बांबूची होळी पेटते आणि उजाडताच माणसे आल्या वाटेने परततात. या होळीला ‘राजवाडी होळी’ म्हणतात. काठी हे एके काळी मेवासी संस्थानिकांचे ठाणे होते. ही होळी त्या राजघराण्याची असून ती इसवी सन १२४६ पासून चालत आली आहे, असे परंपरा सांगते. संस्थान गेले, राजाचा अधिकार गेला. होळी मात्र राहिली.

होळी उलटली की याच डोंगरात लग्नसराई सुरू होते. बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला गेलेली कुटुंबे सणाच्या निमित्ताने घरी आलेली असतात, हातात थोडाफार पैसा असतो आणि पावसाळ्याला अवधी असतो. पूर्वी या लग्नांत ढोल-मांदळ वाजे आणि पळसपानांच्या पत्रावळीवर भात-डाळ वाढली जाई. आता पुढाऱ्यांच्या नावांनी भरलेल्या रंगीत पत्रिका निघतात, तालुक्याच्या गावाहून भाड्याचा मंडप येतो, नवरदेवासाठी मोटारगाडी ठरते आणि ट्रकवर रचलेल्या डीजेच्या भिंतीपुढे वरात रात्रभर थरथरते. मंडपात नवरा-नवरीसाठी मखमली सिंहासने मांडलेली असतात. थाट राजाचा असतो. पैसा मात्र मुकादमाच्या उचलीचा असतो.

एकाच डोंगरात, एकाच ऋतूत घडणाऱ्या या दोन समारंभांकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर एक विलक्षण विरोध लक्षात येतो. ज्या समारंभाला ‘राजवाडी’ म्हणतात तो सर्वांचा असून त्यापायी कुणी कर्जबाजारी होत नाही. जो समारंभ एका गरीब कुटुंबाचा, तो मात्र राजवाडी थाटाने साजरा होतो आणि त्या कुटुंबाला पुढील कित्येक हंगामांसाठी बांधून टाकतो. हा विरोध कशातून निर्माण झाला, याचा विचार केल्यावाचून लग्नखर्चाविषयीचा नेहमीचा उपदेश व्यर्थ आहे.

राजविवाहाचे खरे यजमान

राजघराण्यातील लग्नांचे आकर्षण सर्व देशांत व सर्व काळांत आढळते. २९ जुलै १९८१ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये युवराज चार्ल्स व डायना यांचा विवाह झाला, तेव्हा जगभरातील सुमारे ७५ कोटी लोकांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिल्याचे सांगण्यात आले. त्या वर्षी ब्रिटनमधील बेकारांची संख्या पंचवीस लाखांच्या पुढे गेली होती आणि त्याच महिन्यात लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागात दंगली उसळल्या होत्या. तरीही राष्ट्रीय सुट्टी जाहीर झाली आणि रस्त्यांच्या दुतर्फा लाखो लोक उभे राहिले. एक दिवस तरी दैन्य विसरावे, ही माणसाची गरज खरी आहे. पंधरा वर्षांनी, १९९६ साली, तो विवाह घटस्फोटात संपला. समारंभाची भव्यता संसाराला आधार देत नाही, एवढाच त्याचा बोध.

राजविवाहाचा खर्च राजा करतो, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत लग्नटक्का, पाटदाम अशा करांची नावे येतात. म्हणजे रयतेच्या लग्नावर कर होता आणि विधवेच्या पुनर्विवाहावरही होता. राजाच्या घरी कार्य निघाले तर त्याचा भार फिरून रयतेच्याच माथी येई. रयत पंगतीला बसे ती जणू स्वतःच्याच धान्यावर. मात्र त्या व्यवस्थेत एक जुने बंधन होते. राजाने कार्याच्या वेळी कोठाराचे दार उघडले पाहिजे, आलेल्याला विन्मुख पाठवता कामा नये, अशी लोकांची अपेक्षा असे आणि ती मोडणाऱ्या राजाची अपकीर्ती होई. वैभवाच्या प्रदर्शनाबरोबर देण्याचे कर्तव्य चिकटलेले होते.

विवाहसंस्थेला खरोखर काही दिले ते थाटामाटाने नव्हे, तर कायद्याने व धैर्याने. नवापूरच्या सीमेपलीकडील सोनगड हे गायकवाडांचे जुने ठाणे. त्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९२९ साली आला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहांना कायद्याची मान्यता दिली आणि इंदूरच्या होळकरांशी विचारविनिमय करून मराठा-धनगर विवाहांची योजना आखली. राजांकडून अनुकरण करण्याजोगे जर काही असेल, तर ते हे होते. समाजाने मात्र हे सोडून हत्ती-घोडे आणि सिंहासने तेवढी उचलली.

आज राजे नाहीत. त्यांच्या जागी उद्योगपती आले आहेत. जुलै २०२४ मध्ये मुंबईत एका मोठ्या उद्योगसमूहाच्या घरचा विवाह अनेक दिवस चालला. तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून धडगावच्या पाड्यापर्यंत पोहोचला. लंडनचा विवाह पाहण्यासाठी १९८१ साली गावात दूरचित्रवाणी संच नव्हता. आता प्रत्येक तरुणाच्या खिशात पडदा आहे. पूर्वी माणूस आपल्या लग्नाची तुलना शेजारच्या पाड्यातील लग्नाशी करी. आता ती थेट राजवाड्याशी होते. तुलनेचे अंतर वाढले. उत्पन्न मात्र तेथेच राहिले.

संस्थान गेले, होळी का राहिली?

जुन्या खानदेशच्या वायव्य टोकाला काठी, चिखली, नाल, सिंगपूर, नवलपूर आणि गव्हाळी अशी सहा मेवासी संस्थाने होती. डोंगर, जंगल आणि विरळ वस्ती हेच त्यांचे वैभव. स्वातंत्र्यानंतर या इस्टेटींचे हक्क कायद्याने संपुष्टात आले. राजाच्या तिजोरीवर होळी उभी असती, तर तीही तेव्हाच विझली असती. ती टिकली, कारण तिचा खर्च कुणा एकाचा नव्हता. बांबू जंगलाचा, ढोल पाड्याचा, नाच प्रत्येकाचा आणि व्रत ज्याचे त्याचे. राजघराण्याकडे मान राहिला. भार सर्वांनी वाटून घेतला. होळीचा खड्डा अवजार न वापरता हातांनी उकरण्याची रीत आहे. ही गोष्ट प्रतीक म्हणून घेतली, तर तिचा अर्थ स्पष्ट आहे: जे काम विकत घेता येत नाही, तेच समाजाला एकत्र ठेवते.

आदिवासी समाजातील जुने लग्नही याच जातीचे होते. सातपुड्यात ‘लाहा’ नावाची परस्पर श्रमदानाची पद्धत आहे. एकाचे घर बांधायचे किंवा शेत निंदायचे झाले की पाडा जमतो. मजुरी दिली जात नाही, जेवण दिले जाते आणि पाळी आली की परतफेड श्रमानेच होते. लग्नाचे तंत्रही असेच असे. मांडवासाठी लाकूड-पाला गाव आणी, नातलग धान्य व बोकड आणत, भांडी घराघरांतून गोळा होत. प्रत्येक लग्न म्हणजे जणू एका न लिहिलेल्या पतपेढीतून मिळालेले कर्ज असे. व्याज नसे, तारण नसे. परतफेड पुढच्या मांडवात होई.

वधूमूल्याची, म्हणजे देजाची, प्रथा याच अर्थव्यवस्थेचा भाग होती. शेतात व जंगलात पुरुषाच्या बरोबरीने राबणारी मुलगी घरातून जाते, तेव्हा तिच्या श्रमाचे मोल वरपक्षाने द्यावे, हा तिच्यामागील विचार. त्या प्रथेतही दोष आहेत. देज रोखीत मागितले जाऊ लागले आणि त्याचे आकडे वाढत गेले, तेव्हा तेही कर्जाचे कारण झाले. दिलेल्या देजाच्या जोरावर स्त्रीवर मालकी सांगणारेही असतात. तरीही मुलगी हे ओझे आहे असे ती प्रथा मानीत नाही. हुंड्याची प्रथा मात्र ते मानते. १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा असूनही हुंडा सुशिक्षित घरांतून जोपासला गेला आणि नोकरीबरोबर तो आता डोंगरही चढू लागला आहे. शिक्षणाने द्यायला नको होते ते हेच.

उचलीचे गणित

श्रमाची देवघेव संपली आणि प्रत्येक गोष्ट रोखीने घेण्याची पाळी आली, तेव्हा लग्नाचे स्वरूप पालटले. मंडपवाला, डीजेवाला, आचारी, गाडीवाला यांना परतफेड पुढच्या मांडवात नको असते. त्यांना पैसे त्याच दिवशी लागतात. पैसा आणायचा कोठून? बँकेला तारण हवे असते आणि वनजमिनीचा दाखला तेथे फारसा उपयोगी पडत नाही. उरतो सावकार, नाही तर ऊसतोडीचा मुकादम.

समजा, एका कुटुंबाने मुलाच्या लग्नासाठी १ लाख रुपये उचल घेतली. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, हंगामभर राबून खाणेपिणे वजा जाता ४० हजार रुपये फेडू शकली, असे धरले तरी कर्ज तिसऱ्या हंगामापर्यंत चालते. मध्ये आजारपण आले, पाऊस लांबला किंवा मुकादमाच्या वहीतील आकडे फुगले, तर चौथा हंगाम लागतो. शिवाय उचल घेतलेल्याला मजुरीच्या दराविषयी घासाघीस करता येत नाही. तो आधीच विकला गेलेला असतो. दरम्यान नव्या जोडप्याचे पहिले मूल उसाच्या फडात रांगू लागते आणि मोठे झाले की शाळेच्या पटावरून त्याचे नाव हंगामापुरते पुसले जाते. तीन दिवसांच्या थाटाची किंमत अशी दुसऱ्या पिढीच्या पाटीवर वसूल होते.

याच हिशेबातून आणखी एक घातक युक्ती निघते. मोठ्या बहिणीच्या मंडपात धाकटीचेही उरकून घेतले, तर खर्च वाचतो, असा विचार केला जातो. धाकटी चौदा-पंधरा वर्षांची असते. खर्चाचा धाक हा बालविवाहाचा एक छुपा मध्यस्थ आहे आणि कायद्याच्या पोलिसाला तो सापडत नाही.

दोष कुणाचा?

येथवर वाचून एखादा सुखवस्तू वाचक म्हणेल की, गरिबांना अक्कलच नाही. ऋण काढून सण करायचा आणि मग रडायचे. हा निष्कर्ष जुना आहे आणि चुकीचाही आहे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हाही अनेक अधिकाऱ्यांनी लग्नकार्यातील उधळपट्टीकडे बोट दाखविले होते. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र असा अभिप्राय दिला की, कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देण्यात आले आहे. सारा, नापिकी आणि चक्रवाढ व्याज यांनी शेतकरी आधीच पिचलेला होता. जोतीराव फुल्यांनी २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह घडवून आणला तो लग्नातील भटभिक्षुकी व खर्च टाळण्यासाठी. परंतु १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी शेतकऱ्याला केवळ काटकसरीचा उपदेश केला नाही. सरकारी सारा आणि नोकरशाही यांवरही तो असूड ओढला.

आजही हेच सत्य आहे. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. बहुसंख्य कुटुंबांची शेती कोरडवाहू, सिंचन तोकडे आणि गावात बारमाही रोजगार नाही. लग्न नसते तरी यांतील पुष्कळ कुटुंबे उसाच्या फडात गेलीच असती. लग्नखर्च दारिद्र्य निर्माण करीत नाही; तो असलेल्या दारिद्र्याला साखळी घालतो. हा भेद लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. शिवाय, वर्षभर दुसऱ्याच्या बांधावर वाकणारा मजूर ज्या एका दिवशी यजमान म्हणून ताठ उभा राहतो, तो दिवस त्याच्या लेकीच्या लग्नाचा असतो. त्या दिवसाची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

अनुकरणाची शिडी कोठून सुरू होते, हेही पाहिले पाहिजे. पाड्यावरच्या मजुराने मुंबईचा विवाह पडद्यावर पाहिला हे खरे. पण तसे आपणही करू शकू, हा धीर त्याला शेजारच्या नोकरदाराने दिला. गावातील पहिले वातानुकूलित मंगल कार्यालय गुरुजींच्या मुलीच्या लग्नासाठी ठरते. पहिली छापील पत्रिका कचेरीतील कारकुनाच्या घरची निघते. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम मिळतो, पतपेढीचे कर्ज मिळते आणि हप्ता पगारातून कापला जातो. नोकरदाराच्या अंगावरील कर्ज दिसत नाही, थाट तेवढा दिसतो. मागून येणाऱ्या शेतमजुराला पगार नसतो, पतपेढी नसते. तो थाट तेवढा उचलतो आणि पतपेढीच्या जागी मुकादम ठेवतो. वर्गात काटकसरीचा धडा शिकविणाऱ्याने आपल्या मांडवात काय शिकविले, हे गाव अधिक लक्षपूर्वक वाचते.

समुदायाची शक्ती

सरकारी हुकमांनी हा प्रश्न सुटलेला नाही. अन्नटंचाईच्या काळात, विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत, पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे आदेश निघाले. लोकांनी मर्यादेइतकी पाने पुढे मांडली आणि बाकीची मागे. सामूहिक विवाहांच्या शासकीय योजना उपयुक्त आहेत. पण त्यांवर ‘गरिबांची लग्ने’ असा शिक्का बसला आणि ज्याला थोडेसे जमते तो त्यांपासून दूर राहू लागला. सुधारणा वरून आली की तिच्यात दयेचा वास येतो.

या जिल्ह्याचा इतिहास मात्र वेगळा मार्ग दाखवितो. १९३७-३८ मध्ये तळोदे तालुक्यात मोरवड येथे गुला महाराजांनी आरतीची चळवळ सुरू केली. दर सोमवारी भिल्ल स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने जमत. दारू सोडावी, स्वच्छ राहावे, एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने हाक मारावी, एवढा साधा उपदेश. ज्यांना अरेतुरेखेरीज दुसरे संबोधन माहीत नव्हते, त्यांनी परस्परांना ‘आप’ म्हणावे, यातच केवढी क्रांती होती! गुला महाराज १९३८ साली निवर्तले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालविले. प्रतिष्ठा ही सिंहासनावर बसून नव्हे, परस्परांना मान देऊन मिळते, हे त्या मेळ्यांनी शिकविले. त्यासाठी कुणाला कर्ज काढावे लागले नाही.

पुढे ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते यांच्यामागे आदिवासी मजूर उभे राहिले. त्याच चळवळीत स्त्रियांनी गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडली. दारूबंदीचा कायदा आधीही होता. तो अंमलात आला तो बायकांच्या हातांनी. अलीकडे सातपुड्यापलीकडे झाबुआ भागात आदिवासी समाजातून दहेज, दारू आणि डीजे या तिहींविरुद्ध मोहीम उभी राहिली आहे, तीही याच मार्गाने जाणारी आहे.

पेसा कायद्याने १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मोठे अधिकार दिले. परंपरा व रूढी यांचे जतन, मादक पदार्थांचे नियमन आणि आदिवासींना होणाऱ्या सावकारी कर्जपुरवठ्यावर नियंत्रण हे विषय त्यांत येतात. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदे व नवापूर हे तालुके आणि नंदुरबार व शहादे तालुक्यांचा काही भाग या क्षेत्रात मोडतो. ग्रामसभेने ठरविले तर गावाच्या मालकीची भांडी, सतरंज्या आणि मांडवाचे साहित्य घेता येईल. महिला बचत गटाकडे त्याची व्यवस्था देता येईल. देजाची मर्यादा व वरातीची वेळ पंचांनी बांधून देता येईल. लाह्याची जुनी पद्धत मांडव घालण्यापुरती तरी पुन्हा जिवंत करता येईल. मात्र नियम सर्वांना सारखा हवा. सरपंचाचा, ग्रामसेवकाचा आणि शिक्षकाचा मांडव त्यातून सुटला, तर तो नियम दुसऱ्याच लग्नात मोडेल. म्हणून आरंभ त्यांनीच करायला हवा.

यात आनंदावर गदा येण्याचे कारण नाही. ढोल वाजावा, नाच व्हावा, गाव जेवावे. केवळ त्या आनंदाचे बिल उसाच्या फडात फाडले जाऊ नये. काठीच्या होळीसाठी आजवर कुणाला आपले हात मुकादमाकडे गहाण टाकावे लागलेले नाहीत, तरी तिच्याइतकी शोभा दुसऱ्या कोणत्या समारंभाला आहे? पहाटे ती होळी पेटते तेव्हा राजा आणि रयत एकाच उजेडात उभे असतात आणि उजाडल्यावर कुणीही कुणाचे देणे लागत नाही. राजवाडी म्हणावे अशी रीत या जिल्ह्यात आहे ती एवढीच. लेकीच्या मांडवातून निघतानाही बापाला असेच मोकळ्या हातांनी घरी जाता आले पाहिजे.